मॉडरेटर झालात? नियम आधी मित्रांसाठी लिहा

काल रात्री कुणीतरी तुमच्या नावाला रंगीत बिल्ला लावला आणि सकाळी उठून पाहता तर तुम्ही मॉडरेटर, म्हणजे ऑनलाइन ग्रुपचे नियम राबवणारे. गिल्ड किंवा क्लॅनसारख्या एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाचे, डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरच्या सर्व्हरचे, कशाचेही. हे पद सहसा कुणी मागून घेत नाही. जुने मॉडरेटर कंटाळलेले असतात आणि तुम्ही रोज ऑनलाइन दिसता, एवढी पात्रता पुरते. मग पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कुणाला घाणेरडं बोलतं, दोघंही तुमच्या इनबॉक्समध्ये येऊन आपली बाजू मांडतात आणि तुम्ही घाईघाईने नियमांचं पान उघडता. तिथे एकच ओळ असते: ‘सगळ्यांशी नीट वागा.’

त्या ओळीच्या जागी काय लिहायचं आणि लिहिलेलं कसं राबवायचं, ते इथे सांगतो.

नियम लिहायला बसलं की डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस येतो: निनावी, द्वेषाने भरलेला, दिवसभर शिव्या देणारा ट्रोल. अशी माणसं असतात. पण लीग ऑफ लेजंड्स बनवणाऱ्या रायट गेम्सने आपल्या खेळाडूंचं वागणं तपासलं, तेव्हा सतत टॉक्सिक, म्हणजे दुसऱ्यांना छळणारे, जेमतेम १ टक्का निघाले आणि एकूण टॉक्सिक वागण्यात त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास भरला. बाकीचा बहुतेक त्रास एरवी धड वागणाऱ्यांकडूनच येत होता, एखाद्या वाईट दिवशी. म्हणजे तुम्हाला पहिली कारवाई करावी लागेल ती बहुधा कुणा अनोळखी राक्षसावर नाही. तो तुमचा टँक असेल, म्हणजे लढाईत पुढे उभा राहून मार झेलणारा, तीन वर्षं बरोबर खेळलेला, ज्याने तुम्हाला पहिलं चांगलं शस्त्र मिळवून दिलं तो. पुढची प्रत्येक पायरी वाचताना त्याला डोळ्यांसमोर ठेवा. त्याला लागू करता येणार नाही असा नियम लिहूच नका.

पायरी १ : लिहिण्याआधी वाचा

आधी वरचे नियम वाचा. तुमच्या ग्रुपच्या वर गेम कंपनीचे नियम असतात आणि ज्या प्लॅटफॉर्मवर तुम्ही जमता त्याचेही असतात. तुमचे नियम त्यांच्यापेक्षा कडक असू शकतात, सैल असू शकत नाहीत. ‘आमच्याकडे सगळं चालतं’ असं अभिमानाने लिहिणाऱ्यांचा अख्खा सर्व्हरच एखाद्या दिवशी बंद होतो. हे नियम कंटाळवाणे असतात, मान्य, पण त्यांतली एक गोष्ट तुम्हाला आयती मिळते: कोणत्या ओळखींवरून हल्ला चालणार नाही त्याची यादी. खेळ थेट दाखवण्याच्या ट्विच या प्लॅटफॉर्मचं द्वेषपूर्ण वागणुकीबद्दलचं सुधारित धोरण २२ जानेवारी २०२१ पासून लागू झालं. त्या यादीत वंश, धर्म, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व यांच्याबरोबर त्वचेचा रंग, स्थलांतरित असणं आणि जात हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. जात हा शब्द एका जागतिक प्लॅटफॉर्मच्या नियमांत लिहिलेला असेल, तर तुमच्या नियमांत तो नसण्याला काही सबब उरत नाही. यादी उचला, गरजेप्रमाणे वाढवा.

मग मागच्या महिन्याभराचं चॅट वाचा. त्यात शिव्या शोधत बसू नका. गायब झालेली माणसं शोधा. कोण नवीन आलं, दोन-चार दिवस बोललं आणि मग दिसलंच नाही? त्या व्यक्तीच्या शेवटच्या मेसेजच्या वर-खाली काय चाललं होतं ते पाहा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक प्रसंग असा सापडला. एक नवी खेळाडू व्हॉइसवर आली, नमस्कार म्हणाली. कुणीतरी ओरडलं, ‘अरे, मुलगी आहे!’ पुढची दहा मिनिटं तोच विषय. वय काय, खरंच स्वतः खेळतेस का, की भावाचं अकाउंट आहे. आवाज छान आहे, अजून बोल. सगळं हसतखेळत, एकही शिवी नाही. टेक्स्टमध्ये तिने ‘मला थोडं काम आहे’ एवढं लिहिलं आणि ती परत कधी आली नाही. आमचा नियम होता ‘शिव्या देऊ नका’. त्या दहा मिनिटांत तो कुणीही मोडला नव्हता. आणि हो, त्या व्हॉइस चॅनेलमध्ये मीही होतो.

पायरी २ : शब्दांची नको, वागण्याची यादी करा

नव्या मॉडरेटरचा पहिला मोह म्हणजे बंदी घातलेल्या शब्दांची यादी. ती फिल्टरमध्ये जरूर टाका, काही शब्द मशीननेच अडवलेले बरे. पण तिलाच धोरण समजू नका. शब्दांवर उभ्या केलेल्या नियमाचं काय होतं, हे मोठ्या कंपन्यांनी आपल्या खर्चाने दाखवून ठेवलंय.

२००६ च्या जानेवारीत ब्लिझर्ड कंपनीच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये एका खेळाडूने चॅटमध्ये जाहिरात केली, की आमच्या गिल्डमध्ये समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा सगळ्यांचं स्वागत आहे. तिलाच ताकीद मिळाली. का, तर लैंगिक कलावरून होणारा छळ रोखण्याच्या नियमाखाली तो विषय काढणंच गुन्हा धरलं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. गाजावाजा झाल्यावर कंपनीने माफी मागून ताकीद मागे घेतली. एक्सबॉक्स लाइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन गेमसेवेवरही प्रोफाइलमध्ये स्वतःचा लैंगिक कल लिहायला बंदी होती. ती मार्च २०१० मध्ये उठली. तरी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका खेळाडूवर कारवाई झाली, कारण त्याने प्रोफाइलमध्ये आपल्या गावाचं नाव लिहिलं होतं. गावाचं नाव फोर्ट गे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात ते खरोखर आहे. तिथेही शेवटी माफी मागावी लागली.

दोन्ही ठिकाणी चूक एकच होती. नियम ‘हा विषय नको’ असा होता. तो ‘या विषयावरून कुणाला त्रास देणं नको’ असा असायला हवा होता. माणसाने स्वतःची ओळख सांगणं हा गुन्हा नाही. ‘इथे राजकारण नको’ असं लिहून कुणाच्या नुसत्या असण्यालाच राजकारण ठरवणारे ग्रुप मी पुष्कळ पाहिलेत. तिथे एकजण ‘माझी बायको’ म्हणतो तेव्हा ती गप्पा असते, आणि दुसरी ‘माझी बायको’ म्हणते तेव्हा तो वाद ठरतो.

मग लिहायचं कसं? कोण काय करतो, कुणाला करतो आणि त्याने काय होतं, हे साध्या वाक्यात लिहा. उदाहरण द्या. नमुन्यादाखल हा एक नियम घ्या:

‘कुणाची जात, धर्म, रंग, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व, भाषा, देश किंवा वय यावरून टोमणे, विनोद, नक्कल किंवा शिवी चालणार नाही. समोरची व्यक्ती त्या गटातली नसली तरीही नाही. (कुणाचा नेम चुकला म्हणून त्याला अपंगत्वावरून हिणवणं, हे याचं उदाहरण.) आवाज, नाव किंवा फोटो पाहून कुणाच्या खाजगी गोष्टी विचारत बसणं, नको म्हटल्यावरही मेसेज करत राहणं, हेही यातच येतं. स्वतःची ओळख स्वतः सांगणं यात येत नाही.’

‘समोरची व्यक्ती त्या गटातली नसली तरीही’ हे शब्द गाळू नका. नव्वद टक्के वाद इथेच अडतो. (आकडा माझ्या वैतागातून आलाय, सर्वेक्षणातून नाही.) ‘मी तर माझ्याच मित्राला म्हणालो, त्याला चालतं’ हे उत्तर तुम्हाला ऐकायला मिळणारच. मित्राला चालत असेल. पण त्याच चॅनेलमध्ये गुपचूप वाचणारे आणखी चाळीस जण असतात आणि त्यांतल्या एकाला तो शब्द आयुष्यभर ऐकावा लागलेला असतो.

डिवचण्याचं काय? स्पर्धा म्हटली की चिडवाचिडवी आलीच. तीही बंद केलीत तर तुमचा ग्रुप ग्रंथालय होईल आणि लोक चिडवायला दुसरीकडे जातील. एक्सबॉक्सने २०१९ मध्ये आपले नियम नव्याने लिहिले तेव्हा चालेल असं डिवचणं आणि न चालणारं डिवचणं, दोन्हींचे नमुने शेजारी शेजारी दिले. तीच रीत उत्तम. तुमच्याच खेळातली वाक्यं घ्या. ‘हा नेम की पाहुण्यांना दिलेला सलाम?’ चालेल. ‘पुढच्या वेळी मॉनिटर चालू करून खेळ’ चालेल. ‘तुमच्यासारख्यांना कुणी खेळायला बोलावलं?’ चालणार नाही. त्या ‘तुमच्यासारख्यां’मध्ये सगळं आलं. खेळावर बोला, जन्मावर नको, ही माझी कसोटी. तिला एक पुरवणी जोडा: समोरचा ‘पुरे’ म्हणाला की खेळावरचंही पुरे.

आणखी दोन गोष्टींना वेगळी ओळ द्या. कुणाचा खरा पत्ता, फोन, फोटो, नोकरीचं ठिकाण उघड करणं किंवा करण्याची धमकी. आणि खेळ वापरून दिलेला त्रास: जाणूनबुजून आपल्याच माणसाला मारणं, एकाच व्यक्तीच्या मागे सामन्यामागून सामने जाणं, तिला पार्टीत न घेण्याची मोहीम चालवणं. शिवी न देता माणूस हुसकावता येतो आणि जुन्या खेळाडूंना ही कला चांगली अवगत असते.

सगळं मिळून एका स्क्रीनवर मावेल इतकंच ठेवा. जास्त लांबलं तर कुणी वाचणार नाही. तुम्ही प्लॅटफॉर्मचे नियम किती आनंदाने वाचलेत ते आठवा.

पायरी ३ : शिक्षेआधी सेटिंग बदला

हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

रायटने एक छोटा बदल करून पाहिला होता. लीगमध्ये विरुद्ध संघाशी होणारं चॅट मुळात बंद ठेवलं. ज्याला हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं. एका आठवड्यात वाईट चॅट ३२.७ टक्क्यांनी घटलं, चांगलं चॅट ३४.५ टक्क्यांनी वाढलं आणि एकूण चॅटचं प्रमाण जवळपास होतं तेवढंच राहिलं. कुणालाही बॅन केलं नव्हतं. मध्ये फक्त एक क्लिक वाढली होती, आणि रागाच्या भरात बोलणाऱ्याला तेवढीसुद्धा उसंत पुरते.

तुमच्याकडे अशा खुंट्या बऱ्याच असतात. डिस्कॉर्डवर पडताळणीची पातळी ठरवता येते: अकाउंट निदान पाच मिनिटं जुनं हवं, किंवा सर्व्हरमध्ये येऊन दहा मिनिटं झालेली हवीत, किंवा फोन नंबर पडताळलेला हवा. तापलेल्या चॅनेलला स्लो मोड (एकाच्या दोन मेसेजमध्ये सक्तीचं अंतर) लावता येतो. २०२२ पासून ऑटोमॉड आहे, तो ठरवलेले शब्द पोस्ट होण्याआधीच अडवतो. एवढं ध्यानात ठेवा, की असे फिल्टर इंग्रजीत बरे चालतात. दुसऱ्या भाषेतली शिवी, तीही रोमन लिपीत प्रत्येकाच्या मर्जीच्या स्पेलिंगने लिहिलेली, त्यांच्या हातून सहज निसटते. आणि उलट, निरुपद्रवी शब्द पकडला जातो, ओल्याबरोबर सुकंही जळतं. म्हणून अडवलेल्या मेसेजची सूचना मॉडरेटरांच्या चॅनेलवर येईल अशी व्यवस्था करा आणि आठवड्यातून एकदा ती चाळा.

आता सगळ्यांना सामावून घेण्याचा भाग. लोक तो नियमांच्या शेवटी एका गोड वाक्यात उरकतात, पण त्याची खरी जागा इथे, सेटिंगमध्ये आहे.

माइक सक्तीचा करू नका. त्या नव्या खेळाडूचा प्रसंग घडला तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये ‘रेडला यायचं तर बोलावंच लागेल’ असा दंडक होता. (रेड म्हणजे अनेकांनी मिळून मोठ्या शत्रूशी, बॉसशी, लढणं.) किती जणींनी आणि किती जणांनी तो वाचूनच पाऊल मागे घेतलं असेल, याचा हिशेब लागणं शक्य नाही. बोलण्यात अडखळणारे, ऐकू न येणारे, ज्यांच्या उच्चारांची टर उडवली गेली आहे असे, घरात लहान मूल झोपलंय असे, सगळे त्या दंडकाने बाहेर राहतात. महत्त्वाच्या सूचना टेक्स्टमध्येही द्या, खेळात पिंग (न बोलता इशारा देण्याच्या खुणा) असतील तर त्या वापरायची सवय लावा. अमेरिकेत १ जानेवारी २०१९ नंतर येणाऱ्या गेमना चॅटच्या सोयी अपंग व्यक्तींना वापरता येतील अशा करणं कायद्याने बंधनकारक झालं. त्यामुळे बोललेलं टेक्स्टमध्ये आणि टेक्स्ट आवाजात बदलण्याची सोय आज अनेक गेममध्ये असते. ती सेटिंगमध्ये कुठे सापडते, हे स्वागताच्या मेसेजमध्ये सांगा.

खरी नावं मागू नका. ‘सगळ्यांनी खऱ्या नावाने यावं, मग कुणी शिव्या देणार नाही’ असं सुचवणारा सदस्य प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. ब्लिझर्डने जुलै २०१० मध्ये नेमकं हेच जाहीर केलं होतं: आमच्या चर्चामंचावर लिहिणाऱ्याचं खरं नाव दिसेल. यात घाबरण्यासारखं काही नाही हे पटवायला त्यांच्या एका कर्मचाऱ्याने स्वतःचं नाव उघड केलं आणि लोकांनी लगोलग त्याची खाजगी माहिती खणून काढली. तीन दिवसांत योजना मागे घ्यावी लागली. दक्षिण कोरियाने तर २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांसाठी खऱ्या ओळखीचा कायदाच केला. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. खऱ्या नावाची झळ शिव्या देणाऱ्याला कमी आणि शिव्या खाणाऱ्यालाच जास्त लागते.

पायरी ४ : तक्रारीला एक दार ठेवा

तक्रार कुठे करायची, हे नियमांच्या पहिल्या दोन ओळींत यायला हवं. जागा खाजगी हवी आणि निदान दोन मॉडरेटरांना दिसणारी हवी. एकाच माणसाच्या इनबॉक्सवर सगळं सोडलं तर तो झोपला, की कारभार झोपतो. शिवाय तक्रार त्याच्याच दोस्ताविरुद्ध असेल तर?

तक्रार आली की एका तासात न्याय द्यायची गरज नसते, पण पोच द्या. एवढंच लिहा: ‘कळवल्याबद्दल आभार. मी आणि आणखी एक मॉडरेटर हे पाहतोय. उद्या रात्रीपर्यंत काय ठरलं ते सांगतो. तोवर त्या व्यक्तीशी बोलायची गरज नाही. हवं तर ब्लॉक करा, त्याने तक्रार कमजोर होत नाही.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ब्लॉक केलं तर ‘भांडणात दोघं सारखेच’ ठरू, या भीतीने लोक उगाच सहन करत राहतात.

पुरावा आधी जपा, मेसेज नंतर उडवा. नव्याने मॉडरेटर झालेल्याचा हात आधी डिलीटकडे जातो आणि मग कुणी काय म्हटलं होतं यावर दोन दिवस वाद. वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, वरची-खालची चार वाक्यं त्यात येऊ द्या. प्रकरण प्लॅटफॉर्मकडे न्यायचं असेल तर मेसेज तिथे असतानाच रिपोर्ट करा. डिस्कॉर्डची ऑडिट नोंद (सर्व्हरवर कोणत्या मॉडरेटरने काय केलं ती) ४५ दिवसांनी पुसली जाते, म्हणून स्वतःची एक साधी वही किंवा शीट ठेवा: तारीख, काय घडलं, कोणता नियम, काय केलं, कुणी ठरवलं. एवढे पाच रकाने पुरतात.

व्हॉइसमधलं सिद्ध करणं अवघड, हे खरं. एक्सबॉक्सने २०२३ मध्ये शेवटच्या साठ सेकंदांचा व्हॉइस चॅट तुकडा जपून तक्रारीला जोडण्याची सोय दिली. कॉल ऑफ ड्यूटीने त्याच वर्षी टॉक्समॉड नावाची यंत्रणा आणली. ती बोलणं तपासून संशयास्पद वाटेल ते पुढे पाठवते, कारवाईचा निर्णय कंपनी घेते. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर हजर असलेल्या दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा. सगळ्यांना एकत्र बोलावून विचारू नका. आणि तक्रारदाराला आरोपीसमोर बसवून ‘चला, मिटवून टाका’ तर मुळीच नको. तो मेळ घालण्याचा सोपा मार्ग वाटतो, पण पुढची तक्रार तुमच्यापर्यंत येणारच नाही याची ती खात्रीशीर सोय असते.

पायरी ५ : शिक्षेचा जिना

शिक्षा आधीच लिहिलेली असावी, म्हणजे चेहरा बघून ठरत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा रोग ग्रुपला लागतो तो इथे. लीगमध्ये बराच काळ असा जिना होता: आधी १० सामन्यांपुरतं चॅटवर बंधन, मग २५ सामन्यांपुरतं, मग १४ दिवसांचा बॅन, मग कायमचा. एक्सबॉक्सची २०२३ ची पद्धत गुणांची आहे. प्रकार जितका गंभीर तितके जास्त स्ट्राइक, द्वेषपूर्ण बोलण्याला एकदम तीन. स्ट्राइक सहा महिने खात्यावर राहतात. आठ झाले की वर्षभर मेसेज, पार्टी, मल्टिप्लेअर असं माणसांशी जोडणारं सगळं बंद. एकट्याने खेळणं मात्र चालू. ही बाब मला आवडते. जिथे त्रास दिला तेवढाच दरवाजा बंद.

छोट्या ग्रुपसाठी मी चार पायऱ्या सुचवेन. खाजगीत ताकीद, एका दिवसाचा टाइमआउट (तेवढा वेळ बोलायला बंदी), दोन आठवडे बाहेर, कायमचं बाहेर. सहा महिने काही घडलं नाही तर एक पायरी खाली. प्रत्येक वेळी कारण सांगा आणि त्याने लिहिलेलं नेमकं वाक्य त्याला दाखवा. ‘तुमचं वर्तन अयोग्य होतं’ या सरकारी वाक्याने कुणी सुधारत नाही. स्वतःचंच वाक्य शांत डोक्याने वाचल्यावर बरेचजण गप्प होतात.

काही गोष्टींना जिना नाही, थेट दरवाजा: जीवे मारण्याची किंवा बलात्काराची धमकी, कुणाची खाजगी माहिती पसरवणं, अल्पवयीन मुलांशी लैंगिक बोलणं. शेवटच्या प्रकारात प्लॅटफॉर्मला आणि पोलिसांना कळवा, स्वतः तपास करत बसू नका, आणि असं चित्र किंवा व्हिडिओ पुरावा म्हणूनही स्वतःकडे उतरवून ठेवू नका. डिस्कॉर्डवर किमान वय १३ आहे, काही देशांत त्याहून जास्त. तुमच्या ग्रुपमध्ये शाळकरी मुलं आहेत हे गृहीतच धरा.

कारवाई ग्रुपसमोर जाहीर करायची का? नाव घेऊन नको, तो तमाशा होतो. पण मागच्या महिन्यात किती तक्रारी आल्या आणि काय झालं, हे चार ओळींत सांगा. तक्रार करून काही होत नाही असं वाटणारे गप्प बसतात आणि मग निघून जातात.

पायरी ६ : निर्णय कुणाचा, आणि चुकला तर

१९९३ मध्ये लॅम्डामू नावाच्या निव्वळ मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन जगात एका खेळाडूने छोटा प्रोग्रॅम वापरून दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावावर अश्लील, हिंसक कृत्यं सगळ्यांसमोर दाखवली. लोक हादरले. सभा भरली, तासन्‌तास वाद झाला, एकमत झालंच नाही. शेवटी एका प्रशासकाने स्वतःच्या अखत्यारीत त्या खेळाडूचं अकाउंट पुसलं. निर्णय अनेकांना योग्य वाटला, पण तो घ्यायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न मागे उरला. मग ते जग उभारणाऱ्या पावेल कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत सुरू केली. पुढे लीग ऑफ लेजंड्सने २०११ मध्ये ‘ट्रिब्युनल’ आणलं. खेळाडूच तक्रारींची प्रकरणं वाचून शिक्षा की माफी, यावर मत देत. ते २०१४ मध्ये बंद पडलं. निकाल लागेपर्यंत गुन्हा करणारा काय केलं होतं तेच विसरलेला असे.

यातून माझा कौल असा: नियम सगळ्यांनी मिळून ठरवा, निर्णय दोघा-तिघांनी लवकर घ्या आणि अपील तिसऱ्याने ऐका. ताकीद देणारा आणि अपील ऐकणारा एकच नको. ज्याच्यावर आरोप आहे त्याचा जवळचा मित्र मॉडरेटर असेल तर त्याने त्या प्रकरणापुरतं बाजूला व्हावं आणि तसं मॉडरेटर चॅनेलवर लिहावं. अपिलाला मुदत ठेवा, एक आठवडा पुरे. चूक झाली असेल तर ज्या ठिकाणी कारवाई केली त्याच ठिकाणी ती मागे घ्या.

एकाच माणसाविरुद्ध अचानक दहा तक्रारी आल्या तर आकड्याला भुलू नका. झुंडीने रिपोर्ट करून एखाद्याला बाहेर काढणं हा जुना खेळ आहे आणि त्याचे बळी बहुधा तेच असतात ज्यांच्यासाठी हे धोरण लिहिलं. तक्रारी मोजू नका, वाचा.

पायरी ७ : बाहेरून झुंड आली तर

२०२१ च्या उन्हाळ्यात ट्विचवर ‘हेट रेड’चं पेव फुटलं. बॉट अकाउंटांच्या (माणसाऐवजी प्रोग्रॅम चालवतो अशा) फौजा एखाद्याच्या चॅटमध्ये घुसून द्वेषाचा पूर आणत, आणि त्यांचं लक्ष्य मुख्यतः कृष्णवर्णीय आणि एलजीबीटी स्ट्रीमर होते. १ सप्टेंबरला अनेकांनी निषेध म्हणून दिवसभर ट्विचवर बहिष्कार टाकला. त्यानंतर फोन पडताळणीची आणि पुढे २०२२ मध्ये एका बटणाने सगळी दारं लावणाऱ्या शील्ड मोडची सोय आली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर उत्तर देत बसू नका. नव्यांचा प्रवेश बंद, पडताळणी सर्वांत वरच्या पातळीवर, स्लो मोड, मग साफसफाई. कोणत्या क्रमाने काय दाबायचं ते आजच मॉडरेटर चॅनेलमध्ये पिन करा. पूर ओसरल्यावर ज्याच्यावर हल्ला झाला त्याला खाजगीत विचारा, काय हवंय. आणि ज्या मॉडरेटरने ते सगळं वाचून काढलं, त्याला दोन दिवस सुट्टी द्या.

पायरी ८ : तो परत आला की

दोन आठवडे बाहेर बसलेला तुमचा टँक परत येतो. या दिवसाबद्दल नियमांत काही नसतं.

आदल्या दिवशी, ज्यांनी तक्रार केली होती त्यांना कळवा की तो उद्या परत येतोय. त्यांना त्याच्या पार्टीत नको असेल तर तशी गटवारी करा. त्यासाठी कारण विचारू नका. त्याच्याशी पाच मिनिटं खाजगीत बोला. काय घडलं ते दोघांना माहीत आहे, पुन्हा उगाळायचं नाही. पुन्हा झालं तर पुढची पायरी कोणती, तेवढं सांगा. तक्रार कुणी केली असेल याचा तो अंदाज बांधत असेल, तर तो विषय तिथेच थांबवा. सूड घेणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो नियमांत लिहून ठेवा.

जुने दोस्त चॅनेलमध्ये ‘तुरुंगातून सुटला रे!’ म्हणून जल्लोष करतील. तो तिथेच थांबवा, कारण तक्रार करणारी व्यक्तीही तो वाचत असते. मग नेहमीची रेड सुरू करा आणि टँकची जागा रिकामी असेल तर त्याला बोलवा.

आमचा टँक आला, तेव्हा पहिला अर्धा तास तो काहीच बोलला नाही. मग बॉस पडला, आणि त्याने नव्या हीलरसाठी टेक्स्टमध्ये लिहिलं, ‘तू वाचवलंस.’ माइक तिचा बंदच होता.